हँडल कॉफी आणि चिंचेचं पाणी

स्क्रू दिसला की तो फिरवून बघावासा वाटतो, हा माझा जन्माचा रोग आहे. घरचा मिक्सर, शाळेच्या प्रयोगशाळेतले तराजू, शेजाऱ्यांचा बंद पडलेला इन्व्हर्टर, सगळं मी उघडून पाहिलंय. त्यातलं निम्मं परत जोडलंयसुद्धा. तीसेक वर्षं मी म्हैसूरच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि मागच्या वर्षी रिटायर झाले. एवढ्या आयुष्यात एकच वस्तू अशी होती की जी मी कधी उघडली नाही. ती आमच्याच घरात, मागच्या खोलीत, गोणपाटाखाली सत्तेचाळीस वर्षं पडून होती.

ते अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कॉफीचं मशीन. इटलीत बनलेलं. बेंगळूरचं एक हॉटेल बंद होत होतं, तिथून अप्पांनी ते आणलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापड रंगवणं आणि लाकडी ठशांनी छापणं हाच धंदा. गिरणीच्या कापडापुढे तो टिकला नाही, तेव्हा अप्पांनी रंगाच्या तांब्याच्या हंड्या बाजूला सारल्या आणि रस्त्याकडच्या खोलीत कॉफीचा काउंटर टाकला. पण या गावात घरोघरी फिल्टर कॉफी, कोपऱ्याकोपऱ्यावर फिल्टर कॉफी. मग लोकांनी अप्पांकडे का यावं? तर हँडलसाठी.

हँडल म्हणजे काय ते सांगते. तांब्याच्या बॉयलरला पुढच्या अंगाला पितळेचं एक जाड नळकांडं असतं. त्यात दट्ट्या, दट्ट्यावर मनगटाएवढी जाड स्प्रिंग, आणि ती दाबायला हातभर दांडा. नळकांड्याखाली कॉफीची पूड दाबून भरलेली वाटी अडकवायची. हँडल खाली ओढलं की दट्ट्या वर जातो आणि कढत पाणी पुडीवर उतरतं. मनात दहा आकडे मोजायचे. मग हँडल हळूहळू सोडायचं. स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटते आणि सोऱ्यातून चकली पडावी तशी दाट कॉफी कपात उतरते. हँडल हातातून निसटलं तर मात्र ते सुसाट वर जातं. म्हणून आम्हा मुलांना काउंटरच्या आत यायची बंदी होती.

अप्पांची हँडल ओढायची एक ढब होती. उजव्या हाताने ओढायचे आणि त्या वेळी बोलणं थांबवायचे. समोरचा माणूसही थांबायचा. कॉफी उतरेपर्यंत दुकानात कोणी बोलत नसे. सकाळचा पहिला कप कुणालाच मिळायचा नाही, देवालासुद्धा नाही. पितळ थंड असतं, पहिली कॉफी आंबट उतरते, म्हणून ती मोरीत जायची. "पहिला मशीनचा," अप्पा म्हणायचे. चिकोरी घातलेली पूड ते या मशीनला दाखवतसुद्धा नसत. चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि पाण्याची वाटच बंद करते. मला हे सगळं शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा आवडायचं. पाणी वर का चढतं, वाफ कुठे साठते, सुई कशामुळे हलते, मी विचारत सुटायची आणि अप्पा गिऱ्हाईक सोडून उत्तरं देत बसायचे. आई म्हणायची, दोघांना एका हंडीत घालून उकळा.

आता माझा गुन्हा. आमच्याकडे पाडव्याच्या आधी रंगाच्या सगळ्या तांब्याच्या हंड्या चिंचेच्या पाण्याने घासायची रीत होती. धंदा गेला तरी रीत राहिली. रिकाम्या हंड्या उतरवायच्या, चिंच कोळायची, आतून-बाहेरून घासून लख्ख करायच्या. हे मुलींचं काम. मी तेरा वर्षांची होते आणि मला वाटलं, मशीनचा बॉयलरही तांब्याचाच की. त्याला कोणी का विसरावं? अप्पा बाजारात गेले होते. मी वरची पाणी भरायची टोपी फिरवली, कोळून गाळलेलं चिंचेचं पाणी आत ओतलं, तासभर ठेवलं आणि खालच्या तोटीतून काढून टाकलं. दोनदा साधं पाणी फिरवलं. काळं, गढूळ पाणी आलं आणि मला धन्य वाटलं. अप्पांना सांगेन तेव्हा ते काय म्हणतील, याची वाक्यंसुद्धा मी तयार ठेवली होती.

पाडव्याला मशीन चाललं. दुसऱ्या दिवशी चाललं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा अप्पा काउंटरमागे स्टुलावर बसले होते आणि मशीनवर टॉवेल टाकलेला होता. "मशीन गेलं," ते म्हणाले. वाफ येते, पण हँडलला पाणी येत नाही. आई म्हणाली, मेकॅनिक बोलवा. अप्पा म्हणाले, याचा मेकॅनिक म्हैसुरात नाही. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली.

 माझी तयार वाक्यं पोटातच राहिली. चिंचेने आतला क्षार सुटला आणि तोच जाऊन कुठेतरी अडकला, किंवा आंबटाने तांबंच खाल्लं, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकताना आणखी नीट समजत गेलं, आणि जितकं समजत गेलं तितकं बोलणं अवघड झालं. अप्पांनी पुढे त्याच काउंटरवर फिल्टर कॉफी विकली, मग पूड विकली. संसार काही बुडाला नाही. पण कॉफी उतरताना सगळं दुकान गप्प व्हायचं, ते पुन्हा कधी झालं नाही, आणि अप्पाही माझ्या प्रश्नांना पूर्वीसारखे रंगून उत्तरं देईनासे झाले. त्यांचं ते लाडकं यंत्र मी मारलं, असं मी धरून चालले. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं झालं. मागच्या खोलीत जायचं तर मी गोणपाटाकडे न बघता जायची.

मागच्या पावसाळ्यानंतर जयलक्ष्मीपुरमात कॅफे काढणारा एक माणूस आमच्या घरी आला. कुणाकडून तरी त्याला मशीनची गोष्ट कळली होती. त्याला ते दारात शोभेला ठेवायचं होतं. "चालू नसलं तरी चालेल," तो म्हणाला. मला ते वाक्य झोंबलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अप्पा शहाऐंशी वर्षांचे, मी साठीची. मी विचारात पडले: हे यंत्र एकदा घराबाहेर गेलं की मला कधीच कळणार नाही. मी मारलं की नाही, हे मला जाणून घ्यायचं होतं. आणि मारलं असेल तर अप्पा आहेत तोवर त्यांना सांगायचं होतं.

"अप्पा, देण्याआधी मी एकदा उघडून बघते."

"बिच्चबेडा," अप्पा ताडकन म्हणाले. उघडू नको. "सुम्ने, उगीच कशाला? आहे तसं देऊन टाक. बिच्चबेडा, पुट्टी."

मी साठीची झाले तरी त्यांची पुट्टी, छोटी पोरच आहे. आमच्या घरी मराठी वाक्याला कन्नड शेपूट असतंच, पण अप्पांना भीती वाटली की शेपूटच पुढे होतं. मला वाटलं, त्यांना माहीत आहे. चिंचेचं त्यांना माहीत आहे आणि म्हातारपणी मुलीला लाज नको म्हणून ते झाकताहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण माझा स्वभाव मूठ उघडून बघण्याचा. मी कॅफेवाल्याला दोन महिने थांबायला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी गोणपाट काढलं.

आधी तर नुसती साफसफाई. आत दोन वाळलेल्या पाली, एका चिमणीच्या घरट्याचं गवत आणि सगळीकडे कॉफीचं जुनं, काळं, चिकट तेल. मागच्या पडवीतल्या दगडी कट्ट्यावर मी मशीन ठेवलं. काढलेला प्रत्येक स्क्रू इडलीच्या साच्यांत ठेवत गेले, एकेका खळग्यात एकेका जागेचे, वर चिठ्ठी. तीन आठवडे घरात इडली झाली नाही. अप्पा पडवीच्या दुसऱ्या टोकाला कन्नड पेपर उघडून बसायचे. एक पान उलटायला त्यांना हल्ली अर्धा तास लागत होता.

"कुठपर्यंत आलं?" पेपरामागून आवाज यायचा.

"मीटर काढला."

"आयतु, झालं तेवढं. साकु आता, पुरे. जेव."

पण बघायचे मात्र. प्रेशरच्या मीटरची काच मी व्हिनेगरने पुसायला लागले तेव्हा पेपर खाली आला. "त्याने आकडे जातील. साध्या पाण्याने पूस." आणि पेपर पुन्हा वर. मला गंमत वाटली. हा माणूस मशीनला विसरलेला नव्हता, मग उघडायचं म्हटलं की घाबरत का होता?

स्प्रिंगचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. नळकांडं मी तसंच उघडलं असतं तर दाबलेली स्प्रिंग तोफेसारखी सुटली असती. बेळगोळच्या कारखान्यांच्या भागात लेथवर काम करणारे एक गृहस्थ आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे नेली आहे. त्यांनी फोटो बघितला आणि हात जोडले. "टीचर, स्प्रिंग माणूस ओळखत नाही. आधी मी दोन लांब बोल्ट करून देतो. ते लावा, मग मूळचे स्क्रू काढा, मग बोल्ट एकेक आटा सोडत जा. घाई केलीत तर आपली ही शेवटची भेट." मी सहसा कुणाचं ऐकत नाही, पण त्यांचं ऐकलं. एकेक आटा सोडत दोन्ही बोल्ट सैल व्हायला पाऊण तास लागला आणि स्प्रिंग हातात आली तेव्हा ती अगदी निमूट होती. दट्ट्याभोवतीच्या रबरी कड्या गुळाच्या पाकासारख्या कडक होऊन तुटल्या. त्यांची मापं व्हर्नियरने घेतली. लेथवाल्यांनी खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या टेफ्लॉनच्या नव्या कड्या करून दिल्या.

राहिला बॉयलर. त्याच्या पोटात काय दिसेल, याची मला भीती होती. खरं सांगते, मी तो दोन दिवस तसाच ठेवून इतर फालतू भाग घासत बसले. मग एका सकाळी मागचं झाकण काढलं, दाढीचा छोटा आरसा तारेला बांधून आत घातला आणि मोबाइलचा उजेड टाकला.

आतलं तांबं गुलाबी होतं. कुठे खड्डा नाही, हिरवं काही नाही, क्षाराचा एक पातळ पापुद्रा तेवढा तळाशी. मी आरसा वळवून वळवून पाहिला. हल्ली जगभर अशी मशीनं दुरुस्त करणारे हौशी लोक बॉयलर लिंबाच्या सताने धुतात, हे मी तोवर वाचलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीने चिंचेने वेगळं काय केलं होतं? उलट त्या बॉयलरला कुणी दिली नसेल अशी अंघोळ मी घातली होती! मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी एकटीच मोठ्याने हसले. पेपर हलला.

"काय झालं?"

"बॉयलर चांगलाय, अप्पा. एकदम चांगलाय."

अप्पांनी पान उलटलं. आनंद झालेला तर मुळीच दिसला नाही.

मग माझं डोकं पुन्हा सुरू झालं. बॉयलर चांगला, वाफ येत होती, तर पाणी का येत नव्हतं? क्षाराचा तुकडा अडकला असेल तर कुठे? बॉयलरमधून नळकांड्याकडे जाणारी वाट जेमतेम वीतभर. मी बॉयलरमध्ये गार पाणी भरलं आणि हवा दाबली. त्या वाटेने थेंब आला नाही. क्षार अडकला तरी थेंब थेंब झिरपतंच. हे तर बूच लावल्यासारखं बंद होतं. नळकांड्याची खालची बैठक चार नटांनी बसवलेली होती आणि तेवढीच मी अजून काढली नव्हती.

"तेवढं राहू दे," अप्पा म्हणाले. या वेळी पेपर मांडीवर होता. "पुट्टी, तेवढं बिडु."

मी पाना लावला. चौथा नट सुटला आणि बैठक हातात आली. वाटेच्या तोंडात खरोखरच बूच होतं. लाकडाचं. निमुळतं तासलेलं, लाल सुताने घट्ट गुंडाळलेलं, आणि वरून लाखेने बंद केलेलं. मी ते पक्कडीने ओढलं तेव्हा ते बराच वेळ आलंच नाही, आणि आलं तेव्हा फट्कन आवाज झाला. बुचाच्या डोक्यावर कोरीव पानाचा अर्धा भाग होता. आजोबांच्या छापायच्या ठशांपैकी एक ठसा कोपऱ्यात तुटलेला आहे, तो आमच्या खिडकीत कित्येक वर्षं कागदं दाबायला असतो. मी आत जाऊन तो आणला आणि बूच त्याला लावून पाहिलं. पान पुरं झालं.

असं बूच कुणी चुकून घालत नाही. मी ते नेऊन अप्पांच्या मांडीवरच्या पेपरावर ठेवलं.

"अप्पा, हे काय?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बूच दोन बोटांत धरून फिरवलं. मग म्हणाले, "अजून घट्ट आहे, नोडु, बघ."

"तुम्ही घातलंत?"

"मग कोण, तुझी आई?"

मी खाली पायरीवर बसले. अप्पा बुचाकडेच बघत बोलत राहिले. त्या वर्षी पाडव्याच्या आधी दोन महिने ते कॉफीच्या बियांचं पोतं घेऊन सायकलवरून पडले होते. उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्याने बसवलं ते वाकडंच बसलं, पण सगळ्यांना त्यांनी मुरगळलं होतं, बरं झालं, एवढंच सांगितलं. त्यांची चाळिशीही झालेली नव्हती. हाताला सूज नव्हती, बघून काही कळायचं नाही, पण पकड गेली. मला एकदम आठवलं, त्या वर्षी अप्पा डाव्या हाताने भांग पाडायला लागले होते आणि मी त्यांना हसायची. कारण कधी विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण विचारणाऱ्या मला तेवढंच सुचलं नव्हतं.

"मग एक दिवस हँडल अर्ध्यावरून सुटलं," अप्पा म्हणाले. "समोरच्याचा चष्मा उडाला. तो हसला, पुट्टी. सगळे हसले. मी नाही हसलो."

"डाव्या हाताने ओढायचं होतं."

"मग विचारतील, उजव्याला काय झालं. हात गेला म्हटलं तर गाव येणार बघायला. मशीन गेलं म्हटलं, कोणी आलं नाही."

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं!"

"हो," अप्पा म्हणाले आणि बूच माझ्यापुढे धरलं. "पण वाकडं किती बेस केलं होतं, बघ की."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. "अप्पा, त्या पाडव्याला मी त्यात चिंचेचं पाणी घातलं होतं."

"गोत्तु," अप्पा म्हणाले. माहीत आहे.

त्यांनी बूच पेपरावर ठेवलं.

"रंगाऱ्याचा मुलगा मी. मला चिंचेचा वास येणार नाही? पहिल्याच कपाला आला. बूच तर महिनाभर तयार होतं, खिशात घेऊन फिरायचो. घालायला हात होत नव्हता. लोकांना काय सांगू, चांगलं मशीन अचानक कसं गेलं? मग तू ते केलंस." ते थांबले. "तिसऱ्या दिवशी दारात उभी होतीस. तोंड बघितलं तुझं. कळलं की तुला वाटतंय, तू केलंस. मला सोपं झालं, पुट्टी. कावळा बसला आणि फांदी मोडली म्हणतात, मी कावळ्यावर ढकललं. वाटलं, विचारेल एक-दोन दिवसांत, मग सांगू. तू विचारलं नाहीस. तू विचारणारी मुलगी. विचारलं नाहीस म्हणून मीही नाही. मग विचारशील म्हणून भीतीच वाटायला लागली. तू मशीन काय, कुकर उघडलास तरी मी उठून बाहेर जायचो."

मला राग आला. लटका नाही, खरा राग. सत्तेचाळीस वर्षं! मी उठून आत गेले आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच. आई असती तर तिच्यावर ओरडून घेतलं असतं, तीही नाही. एका मनगटाच्या अब्रूसाठी माझ्या तेराव्या वर्षावर हे ओझं टाकून हा माणूस पेपर वाचत बसला, असं मी तव्याला सांगितलं. तवा ऐकून घेत होता. आणि घासता घासता मला दुसरीच गोष्ट सुचली आणि मी तवा तसाच साबणात ठेवून उभी राहिले.

दरवर्षी, न चुकता, मी मुलांना तरफ शिकवली. टेकू, भार आणि बल. दांडा जितका लांब, तितकं बळ कमी लागतं. फळ्यावर मी पहार काढायची, विहिरीचा रहाट काढायची, अडकित्ता काढायची. आमच्या घरातलं हँडल मी कधीही काढलं नाही, कारण ते आठवलं की मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं असतं. हात अधू झालेल्या माणसाला काय लागत होतं? पकड कमी, तर दांडा लांब. तेराव्या वर्षी ते माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, धावत येऊन, आकृतीसकट.

दुसऱ्या दिवशी मी बेळगोळला गेले. लेथवाल्यांना म्हटलं, या हँडलवर सरकवून पक्का बसेल असा स्टीलचा पाइप हवा.

"किती लांब?"

"हँडल आहे तेवढाच आणखी."

"दुप्पट? टीचर, मशीन उलटेल."

"कट्ट्याला बोल्टांनी बांधते. आणि पाइपाच्या टोकाला लाकडी मूठ लावा. जाड. बोटं पुरी न मिटता धरता येईल अशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणासाठी ते विचारलं नाही. मूठ शिसवीची केली.

दहा दिवसांत मशीन जोडून झालं. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा, मीटर तपासलेला, सांध्यांना नवे वायसर, आधी गार पाण्याचा दाब देऊन सगळे सांधे कोरडे राहतात ना ते पाहिलं, मग गॅस पेटवला. खिडकीतला तुटका ठसा मी बुचासकट अप्पांच्या पेपरावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मीटरची सुई थरथरत वर चढली आणि मला पुन्हा तेच सगळे प्रश्न पडायला लागले, वाफ कुठे साठते आणि सुई कशाने हलते, जरी उत्तरं आता मला पाठ होती. बिनचिकोरीची पूड मी दाबून वाटीत भरली आणि नळकांड्याखाली अडकवली.

"अप्पा, या."

"बेडा. तू ओढ."

"मी सत्तेचाळीस वर्षं ओढलंय. आता तुम्ही या."

ते आले. भिंत धरत, पण आले. सवयीने त्यांनी डावा हात पुढे केला. मी नुसती बाजूला उभी राहिले. थोडा वेळ गेला आणि त्यांनी डावा खाली घेतला. उजवा वर केला, शिसवीच्या मुठीवर ठेवला, बोटं अर्धीच मिटली आणि ओढलं. हँडल खाली आलं. हिसका नाही, धडपड नाही. दहा आकडे त्यांनी ओठांतल्या ओठांत मोजले, आणि मी गप्प राहिले, आणि पडवीत कुणीच बोललं नाही. मग त्यांनी ते सोडत सोडत वर नेलं आणि कपात कॉफी उतरली.

अप्पा कपाकडे बघतच नव्हते. त्यांनी पाइपावरून हात फिरवला, जिथे जुनं हँडल संपतं आणि नवा तुकडा सुरू होतो तिथे बोट ठेवलं, आणि माझ्याकडे वळले.

"इष्टेना?"

एवढंच होतं का, असं ते विचारत होते. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"एवढंच, अप्पा," मी म्हटलं. "दोघांचंही."

त्यांनी मान हलवली. मग कप उचलून हळूहळू मोरीपर्यंत गेले आणि कॉफी ओतून दिली, कारण पहिला कप मशीनचा. परत येऊन त्यांनी मूठ धरली, आणि मी दुसऱ्या कपाची पूड भरायला घेतली.